सालईची भट्टी

आमचं घर गावात भट्टीवाल्यांचं म्हणून ओळखलं जायचं. नवख्या माणसाला वाटायचं, दारू गाळत असतील. आम्ही गाळायचो टर्पेंटाइन. माझे सासरे पलटणीत असताना त्यांनी उत्तरेच्या डोंगरात उंच झाडांच्या चिकापासून हे तेल काढताना पाहिलं होतं. पेन्शन घेऊन ते साताऱ्याकडं घरी आले, तर गावामागच्या उघड्या डोंगरावर सालईची झाडं. सालईच्या खोडाला खाच मारली की तसाच उग्र वासाचा चीक पाझरतो. त्यांनी तांबटाकडून मोठं भांडं घडवून घेतलं, ओढ्याकाठी चूल बांधली आणि धंदा सुरू केला. तेल सांगलीच्या रंगाच्या दुकानात जायचं.

थोरल्या दिरांना या भट्टीची लाज वाटायची आणि माझा नवरा लढाईवर गेलेला. म्हणून मामंजींनी मला हाताशी घेतलं. "आच लय झाली तर चीक उतू येतो आन् पेट घेतो. नजर काढू नगंस," ते पुन्हा पुन्हा सांगत. सून भट्टीवर बसते म्हणून गावात कुजबुज झाली. मामंजी म्हणाले, "कुजबुजू देत."

ते गेले तेव्हा लढाई ऐन भरात होती आणि तांब्याला कधी नव्हे तो भाव आला होता. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दिरांनी सोप्यात बसून सांगून टाकलं, "भट्टी मोडायची. सांगलीचा व्यापारी उद्या भांडं न्यायला गाडी घेऊन येतोय."

मला कुणी विचारलं नाही. थोरल्या दिरांसमोर मी तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

सकाळी मी भांड्यात चीक भरला, पाणी घातलं, झाकण लिंपलं आणि चूल पेटवली. गाडी आली तोवर नळीतून तेल ठिबकायला लागलं होतं.

"हे काय मांडलंयस?" दीर ओरडले.

"भट्टी लावलीय भावजी. न्यायची तर न्या. गरम हाय, तेवढी जपून उचला."

व्यापाऱ्याच्या गड्यानं हात पुढं केला आणि झटकन मागं घेतला. निवेपर्यंत थांबू, म्हणत व्यापारी बाभळीखाली बसला. मी लाकडं सारत राहिले.

दुपारी दिरांना राहवेना. चुलीतलं लाकूड ओढायला ते वाकले. मी चुलीच्या तोंडाशी आडवी उभी राहिले.

"आत तेल हाय. ठिणगी उडाली तर तुमीबी न्हाई आन् मीबी न्हाई. मी हितनं हलणार न्हाई."

ते थांबले. माझ्याजवळची लाकडं सरत आली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता नुसती वाट बघायची होती. तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं माझी थोरली जाऊ आली, डोक्यावर लाकडांचा भारा. नवऱ्याकडं न बघता तिनं तो माझ्या पायाशी टाकला.

"तू बी?" दीर म्हणाले.

"व्हय, मी बी. आवं, मामंजींच्या हातचं हाय ते. तुमची पोरं ह्याच भट्टीवर वाढली."

दिवस मावळला तरी भांडं निवलं नाही, तेव्हा व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला.

दिरांनी मग वाटणी मागितली. विहिरीकडचं रान त्यांनी घेतलं, भट्टी आणि डोंगराकडचा मुरमाड तुकडा आम्हाला आला. जाऊ तरीही मदतीला यायची. दीर माझ्याशी बोलत नसत, पण तिला अडवतही नसत. तेलाचे डबे मी स्वतः सांगलीला न्यायला लागले. दुकानदार विचारायचा, घरात कुणी पुरुष नाही का?

"हाय की, लढाईवर," मी म्हणायचे. "तेल पारखून घ्या, मला नगा पारखू."

लढाई संपली आणि नवरा सुखरूप परतला. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "लय सोसलंस. आता घरात बस, भट्टी मी बघतो."

मी कुऱ्हाड आणून त्याच्या हातात दिली. "तुमी लाकडं फोडा. आच मीच बघणार."

त्यानं सदरा काढून ठेवला आणि ओंडका उभा केला. पारावर त्याला बायकोचा गडी म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, "व्हय, आन् मालकीण कडक हाय."