कोटाच्या अस्तरातल्या गोळ्या

२०१६ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि देवासच्या एका ठाण्यात ए.एस.आय. होतो. आठवी पास होऊन शिपाई म्हणून लागलो. पुढचं सगळं शिक्षण ठाण्यातच झालं. नोकरीत शेकडो प्रकरणं हाताखालून गेली आणि पुष्कळशी विसरलो. हे मात्र डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये. नावं कुणाची लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

लग्नसराई चालू होती. सकाळची गणती आटोपून मी रोजनामचा लिहीत बसलो होतो. आमच्या चौकातला इस्त्रीवाला आला आणि त्यानं टेबलावर रुमालाची पुरचुंडी सोडली. आत पिवळ्या गोळ्या होत्या, नऊ.

"भिया, ये कोट में से निकली हैं. प्रेस फिराई तो नीचे कंकर जैसा लगा. परसों एक शेरवानी में भी थीं."

"कोट किसका है?"

"पेनने वाले का मत पूछो. सिलने वाले का पूछो."

शिवणारा म्हणजे मास्टर. त्याचे पूर्वज देवासच्या राजेसाहेबांच्या दरबारी अंगरखे शिवायला दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, आलेले. माझ्या लग्नाचा कोट त्याच्या वडिलांनी शिवलेला. मास्टर चाळिशीचा, बिनलग्नाचा, खाली मान घालून काम करणारा. घरात तो आणि मोठी बहीण, दोघंच. बहीण शाळेत शिकवायची, सगळे तिला ताई म्हणायचे.

माझं डोकं पोलिसाचं. कोट बदनावरला जातात, शेरवानी रतलामला जाते. नवरदेवाच्या कोटाची झडती कोण घेतो? नशेच्या गोळ्या पोचवायची काय नामी युक्ती! रिटायर व्हायला दोन वर्षं होती. मनात म्हटलं, जाता जाता एक मोठी केस होऊन जाऊ दे. टी.आय. साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या इन्चार्जना, सांगितलं, दोन पंच घेतले, दोन शिपाई घेतले आणि मास्टरच्या दुकानात शिरलो.

पाच कोट शिवायला घेतलेले होते. चारांच्या खांद्यांच्या भरावात गोळ्या निघाल्या. मास्टरचे डोळे लालभडक, दाढी वाढलेली, ओठ आपल्याशीच हलताहेत. मी शिपायांना म्हटलं, "बघून ठेवा. नशा करणारा डोळ्यांवरून ओळखायचा असतो."

"या कुणी घातल्या?" मी विचारलं.

"मी."

"कशासाठी?"

"बाहेर जायला पाहिजेत."

मला एवढं पुरे होतं. ताई शाळेतून धावत आली. हातात डॉक्टरची चिठ्ठी. "साहेब, ही त्याची औषधं आहेत. बारा वर्षं घेतोय. इंदूरचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी वाचा ना."

मी वाचली नाही. चिठ्ठी इंग्रजीत होती. मला ती वाचता आली नसती, आणि पंचांसमोर, शिपायांसमोर ते कबूल करायचं नव्हतं. म्हणालो, "ठाण्यात बघू." पंचनामा केला, गोळ्या जप्त केल्या, मापांची वहीपण उचलली. तिच्यात माल घेणाऱ्यांची नावं सापडतील असा हिशोब.

पूछताछीची माझी एक रीत होती. माणसाला बसवायचं आणि तासभर काहीच विचारायचं नाही. शांतता सहन होत नाही, माणूस आपणच बोलायला लागतो. मास्टर बोलला नाही. चहा आला तर कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"ताईनं पाठवलाय?"

"ठाण्याचा आहे. पी."

"आधी यांना पिऊ द्या." त्यानं शिपायाकडे बोट केलं. "ताई चहात घालते."

"तुला कुणी सांगितलं?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपाशी कुणी नव्हतं. "हे काय, सांगताहेत ना."

सोंग करणारे मी पोत्यानं पाहिलेत. सोंग करणारा मध्येच तुमच्याकडे हळूच बघतो, जमलं का म्हणून. मास्टरनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तिथे मला पहिली खुटखुट लागली.

मी मापांची वही उघडली. ती मराठीत होती, तिथे माझं अडत नव्हतं. छाती, बाही, उंची, कापड कधी कापलं, कपडा कधी दिला. इस्त्रीवाल्यानं आणलेल्या गोळ्या ज्या कोटातल्या, तो शिवायला नऊ दिवस लागले होते. गोळ्या नऊ. तो दिल्यावर दुकानातला राखाडी कोट कापलेला, आणि पुढचा कोट त्यानंतर सहा दिवसांनी. राखाडीत सहा. पुढच्यावर चार दिवस, त्यात चार. हा कुठला धंदा, जो दिवसाला एकच गोळी विकतो?

"मास्टर, रोज एक?"

"रोज एक. ताई हातावर देते, समोर उभी राहते. मी पाणी पितो." टेबलावरची टाचणी उचलून त्यानं तोंडाशी नेली आणि तळवा उघडून दाखवला. रिकामा. टाचणी बोटांच्या मागे होती. "टाचण्या धरायची बोटं आहेत, साहेब."

"खात का नाहीस?"

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हात पुढे केले आणि थरथरवून दाखवले. "गोळी खाल्ली की हे असे होतात. सुईत दोरा जात नाही. बाबांच्या गिऱ्हाइकांना मी वाकडं काज देऊ?"

"मग फेकून द्यायच्या."

"केर ताई काढते. तिला दिसेल. आणि घरात ठेवली तर ती ऐकते."

"कोण, ताई?"

"गोळी."

माझ्या शेजारचा शिपाई हसला. मी त्याला बाहेर पाठवलं.

ताब्यातल्या माणसाला मेडिकलला न्यावं लागतं. दुपारी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, ताईलाही घेतलं. डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, गोळी पाहिली आणि मला म्हणाल्या, "साहेब, नशेसाठी ही गोळी कुणी फुकट दिली तरी घेणार नाही. ही चिठ्ठी सकाळी वाचली असती तर?"

मी चिठ्ठीची घडी घातली. मग माझा हट्टी स्वभाव, राहवलं नाही. "मॅडम, मग या गोळ्या हव्यात कशाला? हातच जातात त्याचे. माणसानं मनाला जरा आवरावं."

त्यांनी मास्टरकडे वळून हळू विचारलं, "दादा, आवाज काय सांगतात?"

त्यानं आधी ताईकडे पाहिलं. मग म्हणाला, "मोठी कात्री उशाशी ठेव म्हणतात. ताई चहा घेऊन येईल तेव्हा."

ताई उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली.

"ऐकलंत?" बाई मला म्हणाल्या. "गोळी नसली की हे. गोळी असली की हात. दोन्ही खरं आहे. मी हात नाकारणार नाही आणि तुम्ही आवाज नाकारायचे नाहीत." मग ताईला विचारलं, "हात थरथरतात हे इंदूरला सांगितलंत कधी?"

ताईच्या डोळ्यांना धार लागली. "मी दर वेळी सांगायची, सगळं ठीक आहे. मला वाटायचं, तक्रार केली तर औषधच बंद करतील."

"आणि तुम्ही, दादा?"

"मला कुणी विचारलंच नाही," मास्टर म्हणाला.

बाईंनी तिथूनच इंदूरच्या डॉक्टरांना फोन लावला. मात्रा कमी करून पाहता येते, हळूहळू दुसरी गोळी आणता येते, थरथर थांबवायचंही औषध असतं. पण आपल्या मनानं एका दिवसात बंद करायचं नाही. तोवर काही दिवस दवाखान्यात राहायचं. मग बाई त्याला म्हणाल्या, "मास्टर, एका मापाचा कोट सगळ्यांना बसतो का?"

"नाही बसत," तो म्हणाला. "तयार माल मी ठेवतच नाही."

त्या दिवसात तेव्हा पहिल्यांदा ताई हसली.

संध्याकाळी टी.आय. साहेब माझी वाटच बघत होते. "कप्तान साहब को फोन कर चुका हूँ. नशे की धारा, एन.डी.पी.एस. लगाओ."

"सर, केस नहीं बनती."

"अरे, कबूल किया है उसने!"

"सर, कबूल तो उसने ये भी किया है कि गोली कान लगाके सुनती है. वो भी लिखूँ?"

साहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "लिखो, दवा मरीज़ की. और कप्तान साहब को तुम बताओगे." सांगितलं. जिल्ह्याच्या एस.पी.कडून जे ऐकायचं होतं ते ऐकलं. पुढे दोन वर्षं ठाण्यात माझं नाव 'गोली साहब' होतं. शिपाई तोंडावर विचारायचे, "भिया, आज किस पजामे पे छापा है?"

मास्टरला घडी बसायला चारेक महिने लागले. पहिली बदललेली गोळी मानवली नाही, दुसरी मानवली. सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्याचं वजन वाढलं, सकाळी नऊशिवाय डोळा उघडत नाही, आणि एखाद्या दिवशी हात बिघडला की तो कापडाला कात्री लावत नाही. पण काजं सरळ येतात. बहिणीच्या हातचा चहा पितो. एकदा मी विचारलं, आवाज गेले का? म्हणाला, "गेले नाहीत साहेब. पण आता गल्लीच्या टोकाला उभे राहून बोलतात. आत येत नाहीत."

माझे एक काका होते, धारला. त्यांनाही असंच ऐकू यायचं. आमच्या घरानं सगळे उपाय केले, फक्त डॉक्टर केला नाही. काका गेले ते खांबाला बांधलेलेच गेले, आणि आम्ही त्याला घराण्याची अब्रू म्हणत राहिलो. म्हणून आज त्या पिवळ्या गोळीचे उपकार मी मानतो, तिचे दोष माहीत असूनही. त्या बाईंचे मानतो. ताईंचे मानतो, मी त्यांच्या भावाला चोरासारखा नेला, आणि त्या आजही रंगपंचमीला घरी श्रीखंड पाठवतात. पोलिसाला विचारायची सवय असते, पण ज्याच्यावर बेतलंय त्यालाच विचारायचं, हे मला मास्टरनं शिकवलं.

एक काम मात्र राहिलं होतं. दोन महिन्यांच्या गोळ्या गावभर कपड्यांत शिवलेल्या होत्या. कुणाच्या घरी लेकरांच्या हाती लागल्या असत्या तर? आणि खरं सांगितलं असतं तर मास्टरकडे पुन्हा कुणी कापड टाकलं नसतं.

मास्टरला दवाखान्यात ठेवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वर्दी न घालता निघालो होतो. मापांची वही काखेत, बरोबर इस्त्रीवाला, त्याच्याकडे सुई-दोरा. काय सांगायचं ते त्यानंच ठरवलं होतं. पहिल्याच दारात तो हात जोडून म्हणाला, "काकीजी, गलती मेरी है. मेरी प्रेस से अस्तर जल गया. खोलके ठीक कर देता हूँ." काकूंनी त्याला पाच मिनिटं झाडला. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"आणि तुम्ही हो, पोलीस कशाला सोबत?" काकूंनी मला विचारलं.

"हा पळून जाऊ नये म्हणून," मी म्हणालो, आणि ओट्यावर मांडी घालून, चष्मा लावून कोटाच्या खांद्याची शिवण उसवायला घेतली.