आईची तोंडी परीक्षा

उद्या आपलं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, तर उपचाराचे निर्णय कोणी घ्यायचे, हे डोकं शाबूत असतानाच लिहून ठेवता येतं. मानसिक आरोग्याच्या नव्या कायद्यातलं हे कलम मला भारी आवडलं. लगेच आईचा कागद टाइप केला, निर्णय घेणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं आणि तिला जामखेडहून सावेडीला माझ्या घरी बोलावून घेतलं. सही डॉक्टरांसमोर व्हावी, म्हणजे पुढे कोणी शंका काढणार नाही, हा हट्टही माझाच.

डॉक्टर काय काय विचारतील, त्याची आदल्या दिवशी मी तिच्याकडून तयारी करून घ्यायला बसलो. ती मेथी निवडत होती. आजची तारीख विचारली, तर तिनं तिथी सांगितली. पंतप्रधान कोण, तर त्यांना तरी मी कुठं ठावं हाय, म्हणाली. शेवटी नवऱ्याचं नाव विचारलं. जन्मात तिनं ते घेतलेलं नाही.

"तुझ्या बापाचं नाव तुला ठावं न्हाई व्हय?"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. माझी मात्र झोप उडाली. आई नापास होणार, याची मला खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. मी आपणहून तिथीचं सांगायला गेलो, तर म्हणाल्या, आता पाठांतर बघत नाहीत. कागद कळतोय का, पुढं काय होईल ते उमगतंय का आणि मनातलं सांगता येतंय का, एवढंच बघायचं. मग त्यांनी आईला विचारलं, हा कागद कशाचा?

"माजं डोकं फिरलं तर माज्या दवापान्याचं कुनी ठरवायचं, त्याचा," आई म्हणाली. "पन हितं ह्याचं नाव नगं. सुनंचं लिवा."

मी हसलो. कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं.

"ह्यानं माज्या डोळ्याचं आपरेशन ठरवलं आन् मला गाडीत बसल्यावर सांगितलं. ती च्यात साकर टाकायच्या आदी इचारती."

मला लाज वाटली. रागही आला, आणि तो नेमका कुणाचा, हे ठरवेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी माझं नाव खोडलं होतं. वर, आई पूर्ण शुद्धीत आहे, असा शेराही मारला. साक्षीदार म्हणून सही मात्र माझीच घेतली.

बाहेर येऊन मी रिक्षा थांबवली आणि सवयीनं सावेडी म्हणालो. आई रिक्षात चढेना. फुटपाथवर पिशवी धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. जरा वेळानं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"कुठं जायचं, आई?"

"जामखेडला," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. "ष्टँडवर सोड."