नोंदीत निघालेलं खातं

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलचे सर्व्हर मी सांभाळत होते तेव्हाची गोष्ट. एक्स-रेचे रिपोर्ट गायब व्हायला लागले. रोज दोन-तीन, आणि नेमके दुपारच्या सुट्टीत. त्या वेळी रेकॉर्ड विभागात तिथलं रजिस्टर सांभाळणाऱ्या बाई एकट्याच असायच्या. पेठ वडगावहून एस्टीनं यायच्या, जागेवरच डबा खायच्या.

मॅनेजरांनी मला बोलावलं. "त्याच उडवत्यात. दुसरं कोण हाय तिथं? पुरावा तेवढा काढा, शुक्रवारी नोटीस देतो."

कुणी कुठली फाइल पुसली याची नोंद सर्व्हर ठेवू शकतो; आमच्याकडं ती सोय बंद होती. मी चालू केली. दुसऱ्या दिवशी तीन रिपोर्ट गेले, नोंद एकही नाही. मग लक्षात आलं, नोंदीची ही सोय, म्हणजे ऑडिट, नुसतं चालू करून भागत नाही; ज्या फोल्डरवर पाळत हवी, तिथंही वेगळं सांगावं लागतं. ते केलं.

जिन्यात बाई भेटल्या. "मॅडम, माझ्यावर नजर ठेवलीया म्हणं?"

"सगळ्यांवरच आहे," मी म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

गुरुवारी सव्वा वाजता दोन फाइली गेल्या. नोंद उघडली. फाइली पुसणारं लॉगिन-खातं बाईंचं नव्हतं. माझं होतं.

खालच्या ओळीत एका स्क्रिप्टचं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, नाव होतं. जुन्या फाइली रोज दुपारी साफ करणारी ती स्क्रिप्ट मीच कधीकाळी माझ्या खात्यावर लावून विसरले होते. नव्या एक्स-रे मशीनची तारीख कधीकधी आपोआप मागं जायची. तेव्हाचे रिपोर्ट स्क्रिप्टला जुने वाटत होते.

नोंदी पुसायचा अधिकार माझ्याकडंच होता. पुसल्याचीही नोंद राहते, पण ती वाचणार कोण? मीच. माउस त्या ओळीवर नेला. मग प्रिंट काढून मॅनेजरांपुढं ठेवली.

"आवो, हे तुमचंच की!" मॅनेजर ओरडले.

"हो. बाईंना बोलवा, मला त्यांची माफी मागायचीय."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चार दिस घास उतरला न्हाई माझ्या गळ्याखाली," एवढंच बोलल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, "रिपोर्ट परत मिळतील न्हवं? एकाचं सोमवारी ऑपरेशन हाय."

संध्याकाळपर्यंत मी बॅकअपमधून एकेक रिपोर्ट परत आणत होते. बाई शेजारी उभ्या राहून, माझ्याकडं न बघता, प्रत्येक नाव रजिस्टरशी ताडून घेत होत्या.