संपलेला व्हिसा आणि माझी सही

एका निरपराध बाईचा पासपोर्ट मी खणात कुलूपबंद केला होता, तोही मोठ्या आनंदाने! ती घटना आजही नातवंडांना सांगते आणि त्यांच्या आधी मीच हसते.

चंद्रपुरात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. नवी उपनिरीक्षक, गणवेशाला कडक इस्त्री, अक्कल जेमतेम. जवळच्या मूल गावच्या एका बांगडीवाल्याने खबर दिली, "बाई, आमच्या शेजारच्या टेलरची सून श्रीलंकेची आहे. व्हिसा कवाचाच संपला तिचा. तरी दोनदा माहेरी जाऊन आली!"

मी खुर्चीतून उडालेच. दुसऱ्या दिवशी तिला पासपोर्ट घेऊन बोलावलं. व्हिसाची मुदत संपलेली, आणि त्यानंतरचे प्रवेशाचे दोन शिक्के. म्हणजे बनावट शिक्क्यांची टोळी! मला बढती आणि हार दिसू लागले.

"शिक्के कोणी मारून दिले?"

"विमानतळावरच मारले, म्याडम. निवासाचा परवाना आहे न माझ्यापाशी. सासूनं घरी जपून ठेवला."

"सगळे असंच सांगतात."

ती रडली नाही. मूलमध्ये शिकलेल्या मराठीत एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी नागपूरहून विमान आहे. परवा मायचं हार्टचं ऑपरेशन. त्याच्या आंधी तिले पाहाचं आहे मले."

मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. उत्तर तेच. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी भर घालतो. ही घालत नव्हती. हे शहाणपण आजचं. तेव्हा माझा निष्कर्ष होता, "बाई पक्की आहे!"

दुपारी सासू बसने आली. नातवाच्या लसीच्या कार्डात घडी घातलेला परवाना तिने पुढे ठेवला. मुदत शिल्लक, परत येण्याची मुभाही लिहिलेली. मी हवालदारभाऊंना म्हणाले, "हाही बनावट! आपली नस्ती काढा, ताडून पाहू."

त्यांनी फाइलमधली कार्यालयाची प्रत शेजारी ठेवली, खाकरले. "दोन्हीवर साहेबायचीच सही आहे, म्याडम. अन् आपल्या प्रतीवर 'तपासले' म्हणून आणखी एक आहे."

"कोणाची?"

"तुमचीच आहे जी."

सकाळचा गठ्ठा आला की मी न वाचता सह्या ठोकत असे. त्या झपाट्याचा मला अभिमानही होता!

मग एकच धावपळ. खणाची चावी सापडेना. हवालदारभाऊंनी स्क्रूड्रायव्हरने कुलूप उचकटलं, मी पासपोर्ट आणि तिला घेऊन धावले आणि तिला बसवायला नागपूरच्या सुटलेल्या बसपुढे हात पसरून उभी राहिले. चावी माझ्याच खिशात निघाली.

त्यानंतर मी समोरच्या माणसावर संशय घेण्याआधी आपली नस्ती उघडायला शिकले. त्यात चोर सापडला नाही तरी गाढव सापडतं.

महिन्याभराने ती परतली. पेढे टेबलावर ठेवून म्हणाली, "माय बरी आहे, म्याडम. विमानतळावर त्यायनं विचारलं, व्हिसा तर संपला, आली कशी? म्या परवाना दाखवला. त्यायनं पूरा वाचला अन् सोडलं. तुमी बी वाचत जा न जी."