रिकाम्या नळीत सापडलेलं टिटॅनियम

रिपोर्टरच्या डायरीत बातमीपेक्षा जास्त जागा छापता न येणाऱ्या गोष्टीच खातात. तीस वर्षं इंदूरच्या एका हिंदी पेपरात घासली. चोऱ्या, निवडणुका, लालबागचे मेळे, सगळं लिहिलं. पण डायरीची इतकी पानं एका आठवड्यात कधी भरली नव्हती. तीही शास्त्रज्ञांच्या ट्रेनिंगमध्ये!

डॉ. सुजाता बनसोडे माझी कॉलेजातली मैत्रीण. महूची, आजोबा फौजेत. बाई शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. एक्स-रे किंवा न्यूट्रॉन पदार्थावर सोडायचे, ते कसे विखुरतात ते मोजायचं, आणि त्या मापांवरून एका अणूपासून दुसरा किती अंतरावर आहे त्याचा आलेख काढायचा. काच, औषधाची पूड, अशा विस्कळीत पदार्थांसाठी हीच पद्धत कामाची. यंदा ती रिटायर होतेय. हाताखाली कोणी तयार नसेल तर हे काम बंद करू, असं वरून सांगितलेलं.

"भिया, मला एकच माणूस पाहिजे," इंदुरी ढंगात भाऊ अशी हाक मारत ती म्हणाली. "पाच दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये वीस जणांतून एक."

मी म्हटलं, मिळेल. हे वाक्य मी नंतर परत घेतलं.

*

पहिल्या दिवशी मशीन सकाळपासून त्या वीस जणांसाठी राखून ठेवलेलं. पण आधी उद्घाटन. दिवा, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे प्राचीन भारतातल्या अणूवर बोलत राहिले ते जेवणाची वेळ होईपर्यंत. मशीन तिकडे चालूच, समोर नमुना नाही.

निघताना पाहुण्यांनी बाईंना विचारलं, "मॅडमजी, इस मशीन से घुटने का एक्स-रे भी हो जाता है क्या?"

*

दुपारी बाईंनी पहिला धडा दिला. पूड काचेच्या बारीक नळीत भरतात. म्हणून तशीच नळी आधी रिकामी मोजायची आणि ते माप भरलेल्या नळीच्या मापातून वजा करायचं. नाहीतर काचेचेच अणू मोजत बसाल.

कोणी लिहून घेतलं नाही. स्लाइड मिळणार होत्या ना!

फक्त मागच्या बाकावरच्या नेहा शिंदेनं हात वर केला. मानपूरहून बसनं येणारी, एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर. तिनं विचारलं, रिकामी नळी किती वेळ मोजायची? भरलेल्या नळीइतकाच की कमी? बाईंनी माझ्याकडे बघितलं. माणूस सापडल्यासारखं.

*

तिसऱ्या दिवशी एका प्रोफेसरसाहेबांनी एकाच पदार्थाचे दोन आलेख आणले, एक एक्स-रेचा, एक न्यूट्रॉनचा. दोन्ही वेगळे. बाईंनी समजावलं की एक्स-रेला हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही, न्यूट्रॉनला दिसतो. म्हणून तर दोन्ही लागतात.

साहेबांनी मान हलवली आणि संध्याकाळी तिसरा आलेख दाखवला. त्यांनी दोन्हींची सरासरी काढली होती! "झगडा ही खत्म, मॅडम."

मी दोन साक्षीदारांच्या जबान्यांची सरासरी काढून बातमी दिली असती, तर एडिटरनं मला सियागंजच्या घाऊक बाजारात हमाली करायला पाठवलं असतं.

*

दुसऱ्या एका सरांनी अणूंच्या मांडणीचं अंदाजानं मॉडेल केलं, पण त्याची रेघ मापांच्या रेघेवर बसेना. मग त्यांनी मॉडेलमधले सगळे आकडे मोकळे सोडले आणि कॉम्प्युटरला हवं तसं खेचू दिलं. रेघ चपखल बसली. बाईंनी अंतरं वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचे हे दोन अणू एकमेकांच्या मांडीवर बसलेत. असं होत नाही."

"ते जाऊ द्या मॅडम, लेकिन फिट तो देखो!"

*

आमचा धंदाही काही कमी नाही. मी दोन तास बसून साध्या भाषेत बातमी लिहिली. हेडलाइन डेस्कनं दिली: 'अब इंदौर में एक्स-रे से पकड़ी जाएगी हर बीमारी'. दुसऱ्या दिवशी गेटवर तीन पेशंट, फाइली घेऊन. बाईंनीच त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मला मात्र चहा विचारला नाही.

*

शेवटच्या दिवशी परीक्षा. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर दोन मापं: एक रिकाम्या नळीचं, एक 'अज्ञात नमुन्या'चं. नमुना कशाचा आहे ते कागदावर लिहायचं.

बाईंनी मला आधीच सांगून ठेवलेलं. दुसरी नळीही रिकामीच होती. पहिलं माप दुसऱ्यातून वजा केलं की उरतो नुसता गोंगाट, म्हणजे मशीनची खरखर; पदार्थ नाहीच. तेवढं लिहायचं धाडस कोण करतं, तेच बाईंना बघायचं होतं.

एकानं झिंक ऑक्साइड लिहिलं. मांडीवाल्या सरांनी नवीनच पदार्थ शोधला आणि पेपर पाठवायची परवानगी मागितली. वीस कागद, प्रत्येकावर कुठला ना कुठला पदार्थ. बाई एकेक बाजूला ठेवत गेल्या.

सगळ्यात खाली नेहाचा कागद. उत्तर: टिटॅनियम ऑक्साइड. त्याच्या वर एक ओळ खोडलेली. बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. 'नळीत काहीच नाही.'

नेहाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"हे का खोडलंस?"

"सगळ्यांचं काही ना काही येत होतं, मॅडम. मला वाटलं, मलाच जमलं नाही."

बाईंनी खालच्या उत्तरावर बोट ठेवलं.

"आणि हे टिटॅनियम कुठून आणलंस?"

"शेजारच्या सरांकडून."