पाहुण्यांसाठी भाजलेले टोमॅटो

ओव्हनमध्ये टोमॅटो भाजत आले की त्या आंबटगोड वासाने मला एकलहऱ्याचं आमचं क्वार्टर आठवतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई म्हणाली, "तुझ्या मैत्रिणींना बोलावलंय. भरलेले टोमॅटो भाज." मी हौसेने परसातले टोमॅटो तोडले, पोखरले, आत बटाटा नि चीज भरून ओव्हनमध्ये ठेवले.

आले ते घोटीचे पाहुणे, मला बघायला. मुलाची आई खाता खाता म्हणाली, "पोरीच्या हाताला लय चव हाय." मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून वाढत राहिली.

त्याच मुलाशी लग्न झालं, कॉलेज सुटलं. नवरा चांगला निघाला, तरी ती दुपार मला अजून सलते. परवा आईला विचारलंच, "मला खोटं का सांगितलंस?"

ती शांतपणे म्हणाली, "खरं सांगितलं असतं, तर तू ते टोमॅटो केले असतेस का?"