आलं तसं पुढं पाठवलं

मागं सीमेवर गोळीबार सुरू झाला तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. कोण म्हणतंय एटीएम बंद होणार, कोण म्हणतंय कोल्हापुरात दिवे घालवा. त्यातच जयसिंगपूरच्या माझ्या मावसभावानं टाकलं की जवानांसाठी तातडीनं रक्त पाहिजे, खालच्या नंबरवर फोन करा. मी त्याला विचारलं, "तू केलास का त्या नंबरवर फोन?"

"न्हाय. आलं तसं पुढं पाठवलं. कुणाच्या तरी उपयोगी पडंल की."

माझं डोकं फिरलं. हेच वाक्य मी त्याच्याच तोंडून कोरोनात ऐकलं होतं.

शिरोली एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. लोखंड कापायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळं दुसऱ्या लाटेत, माणसं श्वासासाठी तडफडत होती तेव्हा, माझ्याकडं दोन भरलेले सिलिंडर पडून होते. मी ग्रुपवर लिहिलं की ज्याला गरज आहे त्यानं न्यावेत, आणि खाली माझा नंबर दिला. दुपारच्या आत दवाखान्याची माणसं येऊन दोन्ही घेऊन गेली. मी लगेच दुसरा मेसेज टाकला, "सिलिंडर संपले, कृपया फोन करू नये." पहिला मेसेज देशभर फिरला. दुसऱ्याला दोघाचौघांनी अंगठा दाखवला आणि तो तिथंच पडून राहिला.

पुढं त्या पहिल्याला पाय फुटले. कुणी "दोन" काढून "भरपूर" केलं, कुणी "मोफत, चोवीस तास" जोडलं. कुणी हिंदीत भाषांतर केलं. कुणा शहाण्यानं वर हिरवी टिक मारून "खात्रीशीर माहिती" असं लिहिलं. खात्री करायला मला एकाचाही फोन आला नव्हता.

फोन आले ते नागपूरहून, इंदूरहून, लखनौहून, ज्यांच्या घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजत होतं त्यांचे. त्यांच्यावर मी कुठल्या तोंडानं चिडणार? एक पोरगी, कॉलेजातली असावी, मी संपले म्हटल्यावर म्हणाली, "अंकल, एक बार फिर से देख लीजिए ना." मी खरंच उठलो आणि रिकाम्या शेडमध्ये बघून आलो.

त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. आत कुणाला सोडत नव्हते. संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर आपल्या फोनवरून पेशंटचं घरच्यांशी बोलणं करून द्यायच्या. आईला एकच नंबर तोंडपाठ होता, माझा, आणि आत गेल्यावर तिनं तोच सांगितला. मी गेटवर जाऊन बायकोचा नंबर देऊन आलो. "सांगतो की आत," गेटवरचा म्हणाला. त्या धांदलीत कोण कुणाला सांगतंय!

फोन खाली ठेवला की वाजायचा. बंद करावा तर आईचा फोन चुकणार, आणि चालू ठेवला तर हे असं. तशात तो हिरवी टिक मारलेला मेसेज मलाच आला, आणि पाठवणारा कोण, तर माझा सख्खा मावसभाऊ. खाली माझा नंबर आहे हेसुद्धा ह्या गड्यानं बघितलं नव्हतं. मी फोन करून त्याच्यावर ओरडलो, जिथं जिथं पाठवलायस तिथं कळव म्हटलं.

"आरं दादा, चिडतोस कशाला? आलं तसं पुढं पाठवलं मी. कुणाच्या तरी उपयोगी पडंल की."

आई गेली. शेवटचं बोलणं झालंच नाही. तिचा चष्मा आणि लुगडी आणायला गेलो तेव्हा सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, "दादा, काल संध्याकाळी तुम्हाला किती वेळा लावला, सारखा बिझी. मी आजींना म्हटलं, थांबा, परत लावते. तर त्या म्हणाल्या, 'ऱ्हाऊ दे बाई. त्येच्याकडं आक्सिजन हाय न्हवं, लोकांचं फोन येत असत्याल. त्येंचं आदी हूं दे.'"

सिलिंडर कधीच गेले होते, हे तिला सांगायचं राहून गेलं.

रक्ताच्या त्या मेसेजनंतर मी हे सगळं, आईच्या शब्दांसकट, ग्रुपवर लिहिलं. वाटलं, आता तरी लाज वाटेल. कुणी हात जोडले, कुणी रडकी तोंडं टाकली. संध्याकाळी माझंच लिहिणं शिरोलीतल्या कारखानदारांच्या ग्रुपवर मला परत आलं. वर लिहिलं होतं, "डोळ्यांत पाणी आलं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा." आईचं बोलणं तेवढं त्यात नव्हतं. मेसेज फार लांब होतो म्हणून कुणीतरी काढलं असेल.